चढावरचा खटखटाट

काल भाचीच्या हट्टापायी खोपोलीजवळच्या इमॅजिकात रोलर कोस्टरमध्ये बसलो. चढ चढताना खालून सतत येणारा ‘खट खट’ आवाज ऐकून तिने माझे मनगट घट्ट धरले आणि “मामा, काही तुटलंय का?” असे विचारले. वस्तुतः तो आवाज धीर देणारा असतो. गाडीखालचा खटका चढावरच्या दातेरी पट्टीच्या एकेका खाचेत अडकत जातो, त्यामुळे साखळी तुटली तरी गाडी मागे घसरत नाही.

माझे लक्ष मात्र पुढच्या, गाडीला उलटे फिरवणाऱ्या वेढ्याच्या (लूपच्या) आकाराकडे होते. १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर सुरू झालेल्या ‘फ्लिप फ्लॅप’ या रोलर कोस्टरचा वेढा जवळपास पूर्ण गोल होता. गोल वेढ्याच्या माथ्यावरून गाडी खाली न पडता जावी एवढा वेग ठेवला, की तळाशी शरीरावर वजनाच्या सुमारे सहापट भार येतो; तेव्हा त्यात बसणाऱ्यांच्या माना दुखत, यात नवल नाही. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील ‘रेव्होल्यूशन’ या रोलर कोस्टरसाठी जर्मन अभियंते वेर्नर श्टेंगल यांनी वेढ्याला थेंबाचा आकार दिला: तळाशी वळण ऐसपैस, माथ्यावर आवळलेले. गाडी रुळावरून उचलली जाऊ नये म्हणून रुळाला खालून धरणारी चाके त्याहून जुनी. अमेरिकी रोलर कोस्टर अभियंते जॉन मिलर यांनी १९१९ मध्येच त्यांचे पेटंट घेतले होते.

हे सगळे मी भाचीला उतरल्यावर रांगेत उभ्याउभ्या सांगितले, कारण तिला लगेच पुन्हा बसायचे होते. (माझे पाय अजून लटपटत होते, तेवढे सांगितले नाही.)