डाळ सोडली, तरी युरिक ॲसिड उतरेना: माझा अनुभव

रात्री दोनच्या सुमारास उजव्या पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी असा ठणका लागला की मी उठून दिवा लावला. झोपताना पाय धडधाकट होता. आता तो सांधा लालबुंद झाला होता, वरची कातडी ताणून चकाकत होती आणि हात जवळ नेला तरी धग जाणवत होती. चादर नुसती टेकली तरी जीव कळवळायचा. शेवटी पलंगाच्या पायथ्याशी खुर्ची लावली, चादर तिच्या पाठीवर टाकली, खाली पाय मोकळा ठेवला आणि उजाडेपर्यंत तसाच पडून राहिलो.

सकाळी दवाखान्यात गेलो. ठेच लागली का, काही चावलं का, असं विचारून झालं. रक्त तपासलं, युरिक ॲसिड ६.४ आलं. रिपोर्टवर मर्यादा ७ छापलेली होती, त्यामुळे "गाऊट नाही, जंतुसंसर्ग दिसतोय" असं सांगून अँटिबायोटिक्स दिली. (गाऊट म्हणजे युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचून होणारा संधिवात.) नऊ-दहा दिवसांत पाय बरा झाला आणि गोळ्या लागू पडल्या असं मी धरून चाललो. पुढे कळलं की गाऊटचा झटका औषध न घेताही साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतो, आणि ऐन झटक्यात रक्तातलं युरिक ॲसिड बऱ्याचदा उतरलेलं असतं. खरा आकडा बघायचा तर झटका सरल्यावर किमान दोन आठवडे थांबून पुन्हा तपासावं लागतं. एवढं एक वाक्य तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर माझं दीड वर्ष वाचलं असतं.

त्या दीड वर्षात आणखी तीन झटके आले. शेवटचा गुडघ्यात आला आणि गुडघा इतका फुगला की पाय सरळ होईना. या वेळी संधिवाततज्ज्ञ डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी आधी गुडघ्यातून सुईने पाणी काढलं. एरवी ते स्वच्छ असतं म्हणे, माझं गढूळ, पिवळट निघालं. त्यातला एक थेंब काचपट्टीवर घेऊन त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, थोडा वेळ पाहिलं आणि मला म्हणाल्या, "या, तुम्हीच बघा." गुलाबी-जांभळट उजेडात बारीक बारीक सुया पसरलेल्या होत्या. एका दिशेला पडलेल्या पिवळ्या, त्यांना आडव्या पडलेल्या निळ्या. काही तर पांढऱ्या पेशींच्या आरपार घुसलेल्या. हेच युरिक ॲसिडच्या क्षाराचे स्फटिक. सांध्यातलं पाणी अशा ध्रुवीभूत प्रकाशात पाहून गाऊट ओळखायची रीत १९६१ मध्ये मॅकार्टी आणि हॉलंडर या संशोधकांनी दाखवून दिली, ती आजही सगळ्यात खात्रीची धरतात. मला मात्र त्या क्षणी एवढंच वाटलं की बरं झालं, दुखणं डोळ्यांनी दिसलं. झटका ओसरल्यावर तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त दिलं. आकडा ९.१.

गाऊट म्हटल्यावर भेटेल त्याच्याकडे पथ्याची यादी तयार होती. डाळ बंद, कडधान्यं बंद, पालक, फ्लॉवर, मशरूम, टोमॅटो, सगळं बंद. मी अक्षरशः सगळं सोडलं. मांस सोडलं, पण मासे हलके म्हणून ठेवले. भूक लागली की फळांचा रस प्यायचो, कारण फळं चांगलीच असतात. वजनही उतरवायचं म्हणून रात्रीचं जेवण टाकलं, मग कधीकधी दिवसदिवस काही खायचो नाही. पाच आठवड्यांत सहा किलो उतरले. आणि सहाव्या आठवड्यात घोट्यात असा झटका आला की दोन दिवस भिंतीला धरून चालत होतो. रक्त तपासलं तर ९.४. एवढं सोडूनही आकडा वर गेलेला पाहून मी दवाखान्याच्या बाकावर तो कागद हातात धरून बराच वेळ बसलो होतो.

डॉक्टरबाईंनी तो कागद बाजूला ठेवला आणि तीन आठवडे जे पोटात जाईल ते वहीत लिहायला सांगितलं. किती वाजता, काय, किती, आणि पाणी किती पेले. ती वही घेऊन आम्ही आहारतज्ज्ञांसमोर बसलो. त्यांनी डाळीच्या ओळींकडे पाहिलंसुद्धा नाही. (डाळीच्या ओळी होत्याच कुठे!) त्यांचं पेन थांबलं ते रसावर. "फळांचा रस, मोठा पेला" ही ओळ जिथे जिथे होती तिथे लाल गोल पडला. तीन आठवड्यांत एकतीस गोल. शनिवार-रविवारच्या बिअरला वेगळी खूण, आणि ज्या दिवशी जेवणाच्या रकान्यात नुसती रेघ होती त्या दिवसांना आणखी वेगळी.

मग त्यांनी जे समजावलं ते मला शाळेत शिकवल्यासारखं लक्षात राहिलं. युरिक ॲसिड प्युरीन नावाच्या घटकापासून होतं आणि प्युरीन आपल्या प्रत्येक पेशीत असतं. शरीरातलं साधारण दोन तृतीयांश युरिक ॲसिड आपल्याच पेशींच्या मोडतोडीतून येतं, अन्नातून येतं ते उरलेलं. बहुतेक सस्तन प्राण्यांकडे युरिक ॲसिड आणखी मोडून टाकणारं एक विकर (एन्झाइम) असतं. माणसाकडे ते नाही, उत्क्रांतीत हरवलं. त्यामुळे ते बाहेर टाकायची मुख्य जबाबदारी मूत्रपिंडांवर येते आणि थोडा भार आतड्यांवर.

रसातल्या फ्रुक्टोजची गोष्ट तर मला अजिबात ठाऊक नव्हती. ही साखर यकृतात गेली की तिच्यावर प्रक्रिया करताना पेशीतलं एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारं द्रव्य, भराभर खर्च होतं आणि त्याच्या उरल्यासुरल्या भागातून थेट युरिक ॲसिड बनतं. म्हणजे ज्यात प्युरीन जवळजवळ नाहीच, त्या गोड पेयानेही आकडा चढतो. साखर घातलेली शीतपेयं आणि रसाचे मोठे पेले दोन्ही यात आले. अख्खं फळ चावून खाल्लं तर साखर कमी जाते, हळू जाते, त्याला हरकत नाही. बिअरचं नुकसान दुहेरी. तिच्यात स्वतःचं प्युरीन असतं, शिवाय दारूमुळे मूत्रपिंडं युरिक ॲसिड बाहेर टाकायला आखडता हात घेतात. उपाशी राहण्याचंही तसंच. शरीर चरबी जाळायला लागलं की कीटोन वाढतात, ते लघवीतून बाहेर पडायच्या वाटेवर युरिक ॲसिडला अडवतात. वजन कमी व्हायला हवं होतं, ते योग्यच, पण महिन्याला दीड-दोन किलोच्या चालीने. मी धावत सुटलो होतो.

आणि डाळ? अमेरिकेत सत्तेचाळीस हजारांहून अधिक पुरुषांवर बारा वर्षं नजर ठेवून केलेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मांस आणि मासे-कोळंबीसारखं समुद्री अन्न जास्त खाणाऱ्यांत गाऊट जास्त आढळला, दूध-दही जास्त घेणाऱ्यांत कमी. प्युरीन असलेल्या भाज्या आणि कडधान्यांनी धोका वाढलेला दिसला नाही. मी मासे ठेवून डाळ सोडली होती. नेमकं उलट.

पुढचे चार महिने मी नीट पथ्य केलं. रस आणि शीतपेयं पूर्ण बंद. बिअर बंद. काळीज, भेजा, गुर्दे यांसारखे अवयव कायमचे बंद, मासे आणि मांस अधूनमधून थोडं. दूध-दही रोज, साय काढलेलं. डाळ परत सुरू केली आणि पहिल्याच दिवशी पोट भरल्यासारखं वाटलं. कॉफी मला आवडायचीच, तिच्यामुळे नुकसान नाही हे ऐकून बरं वाटलं. पाणी उशाशी ठेवायला लागलो, कारण रात्री शरीरातलं पाणी कमी होतं आणि पायाची बोटं शरीराच्या इतर भागांपेक्षा थंड असतात. थंडाव्यात स्फटिक लवकर धरतात. झटका रात्रीच आणि अंगठ्यातच का येतो याचं उत्तर त्यात होतं. मी रस्त्याने जाताना मनात हेच घोळवत असायचो.

चार महिन्यांनी आकडा ८.१ आला. मला फार आनंद झाला आणि तो मी बोलूनही दाखवला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "पथ्याने एवढं उतरलं म्हणजे तुम्ही ते मनापासून केलंय. पण इथून पुढचं पथ्याच्या हातात नाही." त्यांनी पाकाचं उदाहरण दिलं. पाण्यात साखर एका प्रमाणापर्यंत विरघळते, त्यापुढे टाकली की खडे धरते. रक्तात ती हद्द डेसिलिटरला साधारण ६.८ मिलिग्रॅम आहे. ८.१ म्हणजे सांध्यात खडे साचणं सुरूच आहे, फक्त थोडं सावकाश. आकडा ६ च्या खाली कायम राहिला तर साचलेले स्फटिक हळूहळू विरघळायला लागतात. नुसत्या आहाराने बहुतेकांचा आकडा एखाद्या मिलिग्रॅमच्या आसपासच उतरतो, आणि मला ९.१ वरून तिथे यायचं होतं.

मला गोळी नको होती. गोळी घेणं म्हणजे पथ्यात हरणं असं डोक्यात बसलं होतं. त्या दिवशी त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला आहे?" आणि मला बाबा आठवले.

बाबांच्या उजव्या कोपरावर सुपारीएवढी कडक गाठ आहे. कितीतरी वर्षं. अंगठा सुजला की ते खोलीचं दार लावून घ्यायचे आणि कुणी विचारलं तर म्हणायचे, "माझंच खाणं चुकलं असणार." त्यांचं खाणं आयुष्यभर साधं. दारूला कधी शिवले नाहीत. तरी लोक हसत हसत म्हणायचे, जिभेचे चोचले नडतात, आणि ते खाली मान घालून ऐकून घ्यायचे. डॉक्टरबाईंनी सांगितलं की बहुतेक रुग्णांत मूळ अडचण मूत्रपिंडं युरिक ॲसिड पुरेसं बाहेर टाकत नाहीत ही असते आणि ते बरंचसं आनुवंशिक असतं. घरी येऊन मी हे बाबांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, फक्त पुन्हा एकदा विचारलं, "म्हणजे खाण्याने नाही?" थोडं खाण्याने बाबा, पण बरंचसं नाही.

मग मी ॲलोप्युरिनॉल, म्हणजे युरिक ॲसिड कमी करणारी गोळी, सुरू केली. १०० मिलिग्रॅमपासून, दर महिन्याला रक्त तपासून वाढवत ३०० पर्यंत. सुरुवातीला अंगावर पुरळ उठलं तर गोळी तिथल्या तिथे थांबवून लगेच दाखवायला यायचं, असं बजावून सांगितलं होतं. सोबत पहिले सहा महिने झटके रोखायला कॉल्चिसिनची रोज एक छोटी गोळी, कारण साचलेले स्फटिक हलायला लागले की झटके उलट वाढतात. तसंच झालं. दुसऱ्या महिन्यात अंगठा पुन्हा पेटला आणि गोळीच सोडून द्यावी असं वाटलं. हे आधी सांगितलेलं नसतं तर सोडलीच असती, आणि कित्येक जण इथेच सोडतात. मी चालू ठेवली. सातव्या महिन्यात आकडा ५.४. शेवटच्या झटक्याला आता चौदा महिने झाले.

बाबांनाही डॉक्टरबाईंकडे नेलं. रक्तदाबासाठी त्यांना लघवी वाढवणारी गोळी सुरू होती, ती युरिक ॲसिड चढवते म्हणून बदलून दिली आणि ॲलोप्युरिनॉल अगदी कमी मात्रेपासून सुरू केलं. कोपरावरची गाठ म्हणजे साचलेले स्फटिकच, त्यामुळे त्यांचा आकडा ५ च्या खाली आणायचा आहे. परवा ते खिडकीशी बसून कोपर चाचपत होते. मला बोलावून म्हणाले, "जरा हात लाव बघू, लहान झालीये का रे?" झाली होती, आणि दाबल्यावर थोडी मऊही लागली.

जेवायला बसलो. गेली कित्येक वर्षं डाळ वाढायला आलं की बाबा वाटीवर हात आडवा धरायचे. परवा त्यांनी वाटी पुढे केली.