तपकिरी कल्ला

जूनमध्ये रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातली माणसं आमच्या शोभेच्या माशांच्या दुकानात जास्त येतात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, बोटी किनाऱ्याला, आणि घरी बसलेल्या माणसाला पोरांचे हट्ट ऐकू यायला लागतात. त्या दिवशी भर पावसात एक तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, आले. सोबत सात-आठ वर्षांची नात आणि हातात गाठ मारलेली पिशवी. पिशवीत पाणी, पाण्यात मेलेला काळा मोली मासा.

"तुमच्याकडूनच नेला होता," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, म्हणून मलाच जास्त लागलं.

वही बघितली. सोळा दिवसांपूर्वी मी माल आणायला कुर्ल्याला गेलो होतो, तेव्हा कामावरच्या पोराने फुटाची टाकी, रंगीत खडे, दोन गोल्डफिश आणि सहा मोल्या एकाच दिवशी देऊन टाकल्या होत्या. पाणी जेमतेम 15 लिटर. नवीन माणसाला मी असं देत नाही, पण हे आता कुणाला सांगणार? दुकान माझंच.

मग मी नेहमीची टकळी सुरू केली. माशांच्या घाणीतून अमोनिया, जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्रेट, ही वस्ती बसायला महिना-दीड महिना... तांडेल ऐकतच नव्हते. त्यांनी पिशवी सोडली, मासा तळहातावर घेतला आणि अंगठ्याच्या नखाने कल्ल्यावरचं झाकण उचललं.

"हे बघा. मरून तास झाला नसेल. इतक्या ताज्या माशाचा कल्ला लालभडक हवा. हा चहाच्या चोथ्यासारखा झालाय. ह्याच्या रक्तातच काहीतरी गेलंय."

नायट्राइटने नेमकं तेच होतं. रक्त प्राणवायू धरेनासं होतं आणि तपकिरी पडतं. अकरा वर्षं मी हे गिऱ्हाइकांना ऐकवतोय; मेलेल्या माशाचा कल्ला उघडून एकदाही बघितला नव्हता. पिशवीतल्या पाण्याची चाचणी घेतली, नळी जांभळी झाली, म्हणजे नायट्राइट भरपूर.

"तरीच वर येऊन तोंड मारत होते," ते म्हणाले. "आम्ही आपली हवा वाढवत बसलो."

घरी अजून तीन मोल्या जिवंत होत्या. समुद्राचं पाणी आणून घालू का, असं रत्नागिरीत हमखास विचारतात आणि मी हात जोडतो. त्या दिवशी मात्र मीठ मीच सांगितलं. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत शिरू देत नाही. अर्धं पाणी बदला, 15 लिटरला चहाचा एक चमचा घरातलं मीठ, दोन दिवस खाणं बंद.

नातीचा डोळा काउंटरवरच्या गोल बाऊलवर होता. मी दोन फुटी टाकी दाखवली: 24 बाय 12 बाय 12 इंच, काठोकाठ भरली तर 56 लिटर. घाण तेवढीच, पाणी जवळजवळ चौपट, हे मी समजावणार तोच तांडेल म्हणाले, "बरोबर. लहान होडीला लाट जास्त लागते." भरल्यावर हिचं वजन साठ किलोच्या वर जातं, म्हणून टीव्हीच्या कपाटावर नको म्हटलं. त्यांच्या पडवीत जांभ्याचा कट्टा होता. खाली थर्माकोल घालायचं ठरलं. हीटर मागत होते, तो मी दिला नाही. आपल्या हवेत कशाला?

पाणी विहिरीचं. जांभ्यातलं ते पाणी मऊ, म्हणजे क्षार कमी, आणि मोलीला जड पाणी मानवतं. "घरात तिसऱ्यांच्या शिंपल्या असतील ना? स्वच्छ धुऊन चार टाका आत, पाणी थोडं जड होईल." यावर ते पहिल्यांदा हसले.

जुनी टाकी पूर्ण किमतीत परत घ्यायचं कबूल केलं. घासाघीस करायला तोंडच नव्हतं. मासा एकही विकला नाही. माझ्या गप्पीच्या टाकीत वर्षभर चाललेल्या फिल्टरचा स्पंज काढला, तिथल्याच पाण्यासकट पिशवीत घातला. जिवाणू यातच असतात, नळाखाली धुऊ नका, घरी गेल्या गेल्या नव्या टाकीच्या फिल्टरला लावा, असं दोनदा बजावलं.

पिशवी नातीने घेतली. ट्यूबलाइटसमोर धरून तिने तो काळपट गोळा इकडून बघितला, तिकडून बघितला.

"आबा, ह्यात मासा कुठाय?"