एकशे सत्तावीस अर्ज

दोन बँकांचं विलीनीकरण होतं. त्या दिवशी मी घेणाऱ्या बँकेची वकील म्हणून सभेला गेले होते. सभा मात्र जाणाऱ्या, म्हणजे तिच्यात विलीन होणाऱ्या बँकेची होती. सोलापूरच्या पूर्वभागातली ही जुनी सहकारी बँक होती. खातेदारांत यंत्रमागवाले, विडी कामगार, साखर पेठेतले छोटे व्यापारी, सगळेच. थकीत कर्जं वाढत गेली, नेटवर्थ उणे झालं, म्हणजे देणी मालमत्तेपेक्षा जास्त झाली, आणि रिझर्व्ह बँकेने बँकिंग रेग्युलेशन ॲक्टच्या कलम ३५-ए खाली निर्बंध घातले. वर्षभर खटपट करून आम्ही विलीनीकरणाचा मसुदा तयार केला होता. आता तो सभासदांपुढे मंजूर व्हायचा होता.

एप्रिल महिना. मंगल कार्यालयाचे पत्रे अकरालाच तापले होते. दारात नोंदणीच्या टेबलावर एक बाई अडल्या होत्या. साठीच्या पुढच्या, हातात प्लॅस्टिकची पिशवी.

"आजी, यादीत नाव नाही तुमचं. आत सोडता येत नाही."

"नाव नाही म्हणजे? शेअर माझं तुमच्याकडंच हाय की."

मी घाईत होते, तरी थांबले. बावीस वर्षं हेच काम केल्यामुळे असेल, पण 'शेअर आहे आणि नाव नाही' हे ऐकून पाय पुढे जाईना. सहकारी बँकेत हे दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. ज्याचा शेअर, तो सभासद.

त्यांना बाजूच्या खुर्चीवर बसवलं. "अक्का, कागद आहे का काही?" पिशवीतून विडीच्या कार्डात घडी घालून ठेवलेली पोचपावती निघाली. कागदाला तंबाखूचा वास होता. जांभळा गोल शिक्का पुसट झालेला, पण आवक क्रमांक स्पष्ट होता. अक्कांना मराठी वाचता येत नव्हतं. तो क्रमांक मात्र त्यांनी मला पाठ म्हणून दाखवला.

अक्कांनी घरासाठी दोन लाखांचं तारणी कर्ज घेतलं होतं. अशा कर्जावर अडीच टक्के रक्कम शेअरसाठी कापली जाते, म्हणजे त्यांचे पाच हजार. कर्ज देताना हे कोणी नीट सांगत नाही, याची मला कायम चीड येते. घेणाऱ्याला वाटतं, काहीतरी फी कापली. तो बँकेचा मालक झालेला असतो आणि मालकाचा धोकाही त्याच्या डोक्यावर आलेला असतो, हे त्याच्या गावीही नसतं. ठेवीला विमा आहे, फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत. बँकेवर असे निर्बंध आले तर ही रक्कम ९० दिवसांत द्यायची, अशी तरतूद सप्टेंबर २०२१ पासून आली. शेअरला यातलं काहीच नाही. आमच्या मसुद्यात ठेवीदारांचा पै न् पै सुरक्षित होता. शेअरची किंमत मूल्यांकनात शून्य निघाली होती. उणे नेटवर्थच्या बँकेत दुसरं काही निघणारही नव्हतं.

अक्कांनी कर्ज पूर्ण फेडलं आणि शेअरचे पैसे परत मागितले. त्याचीच ती पोचपावती.

मी जाणाऱ्या बँकेच्या व्यवस्थापकांना सांगितलं, त्या वर्षाचं संचालक मंडळाचं इतिवृत्त आणा. ते म्हणाले, "मॅडम, आत्ता? सभा सुरू होतेय." मी म्हटलं, आत्ताच. इतिवृत्ताचं जाडजूड पुस्तक आलं. स्टेजच्या मागच्या खोलीत, जिथे लग्नात नवरी तयार होते, तिथल्या आरशासमोर ते ठेवून मी पानं उलटत गेले. ठराव सापडला. 'सोबतच्या यादीतील १२७ सभासदांचे राजीनामे स्वीकारून सभासदत्व रद्द करण्यात येत आहे व त्यांची भागरक्कम परत करण्यास मंजुरी देण्यात येत आहे.' यादीत अक्कांचं नाव होतं. पोचपावतीवरचा क्रमांकही जुळला.

तेव्हा बँकेचा सीआरएआर, म्हणजे जोखमीच्या मानाने भांडवलाचं प्रमाण, नऊ टक्क्यांच्या वर होता, म्हणजे भागरक्कम परत करायला आडकाठी नव्हती. मंजुरी झाली, चेक निघाले नाहीत. पुढे पडझड झाली, निर्बंध आले आणि देणी रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय देता येईनात. मतदार यादीतून १२७ नावं गेली. खतावणीत मात्र त्यांचे पैसे भागभांडवलातच पडून राहिले आणि बाकीच्या भांडवलाबरोबर शून्य झाले.

थोडक्यात, मत द्यायला अक्का सभासद नव्हत्या आणि पैसे बुडवायला होत्या.

राजीनामा स्वीकारला, परतावा मंजूर केला, त्या क्षणी ते भांडवल उरत नाही. ते बँकेचं देणं होतं. आणि विलीनीकरणात सगळी देणी घेणाऱ्या बँकेकडे येतात. म्हणजे माझ्या अशिलाकडे. एकशे सत्तावीस जणांचे मिळून साडेसहा लाखांच्या आत होते. छाननीत हे मीच पकडायला हवं होतं. मी एकूण भागभांडवलाचा आकडा पाहून पुढे गेले होते.

अध्यक्षांना सांगितल्यावर ते वैतागले. "आता कशाला उकरून काढता? सभा उधळेल." आमच्या बँकेचे कार्यकारी संचालक शेजारीच उभे होते. त्यांना मी आडपडदा न ठेवता सांगितलं, "साहेब, हे आपल्या अंगावर येणार आहे आणि यायलाच हवं. हे त्यांचे पैसे आहेत." त्यांनी ठराव दोनदा वाचला, आरशाकडे पाठ करून थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "परिशिष्टात टाका."

बँकिंग रेग्युलेशन ॲक्टच्या २०२० च्या दुरुस्तीआधी ही विलीनीकरणं राज्याच्या सहकार कायद्याने, निबंधकांमार्फत व्हायची. आता त्याच ॲक्टचं कलम ४४-ए लागतं आणि अंतिम मंजुरी रिझर्व्ह बँकेची. सभेत हजर सभासदांचं संख्येने बहुमत हवं आणि बाजूने मत देणाऱ्यांच्या शेअरची किंमत हजर सभासदांच्या एकूण शेअरच्या दोन तृतीयांश भरायला हवी. त्या सभेत दोन्ही सहज भरलं. देण्यांच्या परिशिष्टातली दुरुस्ती मी माइकवरून वाचून दाखवली, मग एका शिक्षकाने तीच तेलुगूत सांगितली. मागच्या रांगांतून चार-पाच बाया उठल्या आणि आपापल्या पिशव्या उघडू लागल्या. त्यांच्याकडेही पोचपावत्या होत्या.

अक्का पूर्ण वेळ दाराशी त्याच खुर्चीवर बसून होत्या. नियमाने त्यांना आत घेता येत नव्हतं आणि मीही तो मोडला नाही.

रिझर्व्ह बँकेची मंजुरी आली, फलक बदलले. १२७ जणांच्या खात्यात पैसे जमा झाले. जे हयात नव्हते त्यांच्या वारसांना शोधायला शाखेतला एक शिपाई सायकलवरून दत्तनगर, अशोक चौक पालथा घालत होता.

मध्यंतरी अक्का पासबुक भरून घ्यायला शाखेत आल्या होत्या. मीही कामाने तिथे होते. पासबुकातल्या पाच हजारांवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "मंजूर कधी झालं होतं हे?" मी तारीख सांगितली. त्यांनी बोटांवर वर्षं मोजली.

"मग मधलं व्याज?"

मी त्यांची वकील नाही, बँकेची आहे. पण प्रश्न रास्त होता. त्याच संध्याकाळी मी बँकेला टिपण दिलं, की मंजुरीपासून निर्बंध येईपर्यंतच्या काळाचं व्याज देणं योग्य ठरेल. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो अकरावा विषय आहे.