आय७ लॅपटॉप की आय५ डेस्कटॉप? माझा मोजणीचा अनुभव

ऐरोलीच्या खाडीत हिवाळा सुरू झाला की रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि मी होडीतून त्यांचं फोर-के चित्रीकरण करतो. कापाकापी संपली की अख्खा व्हिडिओ एच-२६५ या फाइल लहान ठेवणाऱ्या व्हिडिओ पद्धतीत एन्कोड करायचा, म्हणजे रूपांतरित करायचा, आणि हेच काम प्रोसेसरला सलग पिळून काढतं. जुना संगणक त्याला पुरेना, तेव्हा नवा घ्यायचं ठरवलं. दुकानात जाण्याआधी स्वतः मोजून पाहायचं, हेही तेव्हाच ठरलं.

सुदैवाने दोन चांगली यंत्रं हाताशी होती. ठाण्याला ताईकडे आय७-१२५५यू असलेला लॅपटॉप आणि कोपरखैरण्याला मित्राकडे आय५-१२४०० असलेला डेस्कटॉप. दोन्ही प्रोसेसर इंटेलच्या बाराव्या पिढीतले, म्हणजे तुलना सारख्याला सारखी. कागदावर लॅपटॉप सरळ पुढे: कोर (चिपमधले हिशेब करणारे स्वतंत्र भाग) १० विरुद्ध ६, कमाल वेग ४.७ गिगाहर्ट्झ विरुद्ध ४.४. वाशीतल्या एका दुकानदारानेही छातीठोकपणे सांगितलं, "साहेब, आय७ तो आय७. आय५ त्याच्या जवळपासही नाही."

तपशील वाचला की चित्र बदलतं. लॅपटॉपच्या १० कोरपैकी मोठे, दमदार कोर फक्त २. उरलेले ८ कमी वीज खाणारे छोटे. डेस्कटॉपचे सहाच्या सहा मोठे. मोठ्या कोरवर दोन थ्रेड, म्हणजे एकाच वेळी दोन कामं, चालतात, छोट्यावर एक, त्यामुळे थ्रेड दोन्हीकडे १२ भरतात! पण खरा आकडा पुढे आहे, तो म्हणजे वॅट. लॅपटॉपच्या चिपची मूळ मर्यादा १५ वॅट, डेस्कटॉपची ६५. लॅपटॉप थोडा वेळ ५५ वॅटपर्यंत उसळी घेऊ शकतो, पण ती उसळी टिकत नाही. नावापुढचं 'यू' हे अक्षर तेच सांगतं, आणि जाहिरातीत ते सगळ्यात बारीक छापलेलं असतं. इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडीची नावंही तपासूनच घ्यावी लागतात: रायझन ७ ७७३०यू आणि ७८४०यू शेजारी-शेजारी विकले जातात, पण पहिला झेन ३ या जुन्या रचनेवर बेतलेला आहे, दुसरा झेन ४ या नव्या रचनेवर.

मोजताना दोन्हीकडे नियम एकच ठेवले. लॅपटॉप चार्जरला जोडलेला, विंडोजचा पॉवर मोड सर्वोच्च, बाकी सगळे प्रोग्रॅम बंद, खोलीत एसी चालू. एसी महत्त्वाचा, कारण आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद खोलीत लॅपटॉपचे आकडे आणखी घसरतात आणि तुलना बिघडते. प्रोसेसरचा वेग मोजून गुण देणाऱ्या सिनेबेंच आर२३ मध्ये एकच फेरी न चालवता १० मिनिटांची चाचणी लावली. शेजारी एचडब्ल्यूइन्फो हा चिपचे आकडे दाखवणारा प्रोग्रॅम उघडून वॅट आणि तापमान बघत बसलो.

एका कोरच्या चाचणीत लॅपटॉप किंचित पुढेच राहिला. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण ताईचं काम तेवढंच आहे: एक्सेल, कॉलेजचे पेपर, ब्राउझर, आणि ठाणे-वाशी लोकलमधून रोजचा प्रवास. तिच्यासाठी तोच योग्य. सगळे कोर जुंपले तेव्हा मात्र वेगळं दिसलं. सुरुवातीला लॅपटॉप जोरात, मग वॅटचा आकडा खाली येत १५ वर स्थिरावला आणि वेगही त्यासोबत उतरला. डेस्कटॉप पहिल्या मिनिटाला होता तसाच दहाव्यालाही. १० मिनिटांनंतर त्याचा गुणांक लॅपटॉपच्या जवळजवळ दुप्पट होता. हँडब्रेक या एन्कोडिंगच्या प्रोग्रॅममध्ये माझीच एक क्लिप एक्स२६५ ने, म्हणजे सामान्य कोरकडून काम करून घेणाऱ्या एन्कोडरने, एन्कोड केली, तिथेही प्रमाण तेच.

सगळ्यात जास्त शिकवलं ते पुढच्या चाचणीने. तीच क्लिप क्विक सिंकने, म्हणजे चिपमधल्या ग्राफिक्सच्या खास व्हिडिओ विभागाकडून करून घेतली. फरक जवळपास मिटला! ते काम सामान्य कोर करतच नाहीत, त्यामुळे त्यांची ताकद तिथे उपयोगी पडत नाही. घाईच्या व्हिडिओला ही सोय उत्तम. पण तेवढाच दर्जा हवा तर फाइल मोठी होते, आणि पाण्यावरच्या बारीक लाटांमध्ये मला तो फरक दिसतो. अंतिम प्रत मी एक्स२६५ नेच करणार, म्हणून निर्णय डेस्कटॉपकडे झुकला. इंटेलच्या एचएक्स मालिकेचे लॅपटॉपही पाहिले. त्यांच्यात डेस्कटॉपचीच चिप असते, मूळ मर्यादा ५५ वॅट. ताकद खरोखर मोठी, पण किंमत, वजन आणि पंख्याचा आवाजही तसाच.

वाशीला जाऊन आय५-१२४०० च घेतला. दुकानदार थोड्या कमी किमतीत १२४००एफ देत होता. 'एफ' म्हणजे चिपमध्ये ग्राफिक्स नाही, म्हणजे क्विक सिंकही नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड मला घ्यायचं नव्हतं, तेव्हा साधा १२४०० हवा असं स्पष्ट सांगितलं. सोबत यूपीएस घेतला. लांबलचक एन्कोड चालू असताना वीज गेली तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं, आणि लॅपटॉपची बॅटरी इथे नाही.

घरी जोडणी झाल्यावर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, वॅटची मर्यादा उठवूनही पाहिली. एन्कोडच्या वेळेत नाममात्र फरक पडला, तापमान मात्र वाढलं. मर्यादा ६५ वरच ठेवली आहे, आणि चिपसोबत आलेला कूलर तेवढ्याला व्यवस्थित पुरतो.