पान ११ वरचा मुनीम

रद्दबातल पुस्तकांची यादी करायला बसलं की आमच्याकडे पहिला हात रहस्यकथांवर पडतो. कार्यकारी मंडळातल्या मंडळींना कपाटात 'दर्जेदार' दिसायला हवं असतं. स्वतःच्या नावावर मात्र वर्षभरात एक पुस्तक नेलेलं नसतं. लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, 'ब' वर्गाचं वाचनालय. अभ्यासिका भरतीच्या आणि नीटच्या पोरांनी गच्च, पण ती आपापल्या नोट्स घेऊन येतात, कपाटांकडे ढुंकून बघत नाहीत. तपासणीला येणारे साहेब दाखलनोंद वही आणि पुस्तकांची संख्या जुळते का ते बघतात. कुठलं पुस्तक किती फिरलं हे कुणी विचारत नाही. त्याचा हिशेब मागच्या पानावर डकवलेल्या तारखांच्या चिठ्ठीलाच ठाऊक.

त्या दिवशी टेबलावर एकाच रहस्यकथेच्या दोन प्रती आल्या. पुस्तकाचं नाव सांगत नाही, कारण पुढे कळेल. खिशात मावणारं, १२८ पानांचं, म्हणजे सोळा-सोळा पानांचे आठ फर्मे. एक प्रत चांगली. दुसरीचं मुखपृष्ठ गेलेलं, शिलाईची तार गंजलेली, मधली पानं सुटलेली. फाटकी जाणार आणि चांगली राहणार, यात कुणाला शंका नव्हती. मी सवयीने दोन्हींच्या चिठ्ठ्या उघडल्या. चांगल्या प्रतीवर वरच्या चार-सहा ओळी भरलेल्या, खाली सगळं कोरं. फाटकीवर एक चिठ्ठी संपून तिच्यावर दुसरी डकवलेली आणि तीही भरत आलेली. दोन्ही प्रती एकाच दिवशी दाखल झालेल्या, दाखल क्रमांक लागोपाठचे.

याचं सरळ उत्तर एक आहे. फाटकं पुस्तक म्हणजे लोकांनी वाचलेलं पुस्तक, असा वाचकांचा हिशेब असतो. कपाटातून ते तेच उचलतात आणि ते आणखी फाटतं. पण एवढा फरक?

निवृत्त तलाठी असलेले आप्पा पेपरच्या टेबलावर होते. त्यांनी पुस्तक ओळखलं आणि तिथूनच म्हणाले, "त्यात काय राम न्हाई. चाळीसाव्या पानावर खुनी कळतोय." अंगणवाडीच्या एक ताई पुस्तक बदलायला आल्या होत्या. त्या आप्पांवर उखडल्याच. "कामून कळतोय? मला तर शेवटच्या पानापर्यंत कळलं न्हाई बगा. म्या नंदेला बी वाचायला लावलं." आप्पांनी चांगली प्रत नेली होती, ताईंनी फाटकी. मग ताई जे बोलल्या त्यानं मी पेन खाली ठेवला. "आन् वर तर लिहिलंयच की, मुनीम म्हणून!"

फाटक्या प्रतीच्या ११ व्या पानावर, अगदी वरच्या कडेला, पेन्सिलीनं दाबून लिहिलं होतं: खुनी मुनीम.

हे दुखणं प्रत्येक वाचनालयात आहे. खुन्याचं नाव सुरुवातीच्या पानांवर लिहून ठेवणारी जात कधी संपणार नाही. त्यात त्यांना काय सुख मिळतं ते तेच जाणोत. पण इथला प्रकार वेगळा होता. खुनी मुनीम नाही. लिहिणाऱ्यानं पुस्तक अर्धवट टाकून अंदाज ठोकला असेल, किंवा मुद्दाम खोडी काढली असेल. कसंही असो, त्यानं चुकीचं नाव लिहिलं.

आता पुस्तकाची बांधणी सांगतो, म्हणजे हे काय झालं ते कळेल. वाडा आहे, मृत्युपत्र आहे, कर्जात बुडालेला पुतण्या आहे, शहरातून आलेला डॉक्टर, जुना मुनीम, बायकांमध्ये दोघी. पुतण्यावर लेखकानं संशयाचा इतका मारा केलाय की तो खुनी नाही हे शाळकरी पोरालाही कळावं. मुरलेला वाचक मग वेगळीच मोजणी करतो. १२८ पानांत भरताड पात्रांना जागा नसते. ज्याला कथेत काही काम नाही आणि तरीही ज्याला लेखक दोनदा-तीनदा समोर आणतो, त्याच्यावर तो बोट ठेवतो. आप्पा वाचता वाचता पोस्टकार्डावर पात्रांची नावं लिहितात आणि कामाच्या माणसांवर काट मारत जातात. या पुस्तकात चाळीसाव्या पानापर्यंत काट न मारलेलं एकच नाव उरतं.

रोनाल्ड नॉक्स या इंग्रज पाद्र्यानं १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम छापले. त्यातला पहिला असा की गुन्हेगार कथेत लवकर येऊन गेलेला असला पाहिजे. आयत्या वेळी आणलेला खुनी वाचक माफ करत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. पण याच नियमाचा उलटा उपयोग करून आप्पांसारखे लोक लेखकाला पकडतात. पकडला की पुस्तक 'बंडल'.

फाटक्या प्रतीच्या वाचकाची मोजणी सुरूच होत नाही. त्याला वाटतं उत्तर मिळालंय, म्हणून तो 'कोण' सोडून 'कसं' शोधायला लागतो. मुनीम किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचतो, वाचक थांबतो. मुनीम चोपडीवर शाई सांडतो, वाचक पुन्हा थांबतो. माझ्या मते लेखकानं ती वाक्यं निव्वळ जागा भरायला लिहिलीयत. मुनीमात त्याला काडीचा रस नव्हता. पण त्या पेन्सिलीमुळे प्रत्येक वाक्याला दुहेरी अर्थ आला, आणि तेवढ्यात खरा खुनी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निवांत फिरत राहिला. नवशिक्या वाचकाला रहस्यकथा आवडते ती बहुतेक याच जोरावर: आपल्याला कळलंय असं वाटत राहावं आणि शेवटी ते खोटं निघावं. लेखकाला जे जमलं नाही ते कुणा खोडसाळ माणसाच्या दोन शब्दांनी केलं.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या लेव्हिट आणि क्रिस्टेनफेल्ड या दोघांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही वाचकांना लघुकथा देताना शेवट आधीच सांगितला, काहींना सांगितला नाही. शेवट माहीत असलेल्यांना कथा सरासरीनं जास्त आवडल्या, रहस्यकथासुद्धा. नंतरच्या काही अभ्यासांत उलट निष्कर्षही निघाले, म्हणून त्यावर फार भार टाकत नाही. आणि तिथे सांगितलेला शेवट खरा होता. चुकीचा शेवट सांगून वाचायला लावलं तर काय होतं, त्याचं उत्तर आमच्या कपाटात पडून होतं.

तरी सगळ्यांना आवडलं असं समजू नका. एसटीतले एक वाहक ही प्रत दुसऱ्याच दिवशी परत देऊन गेले होते, ते मला चांगलं आठवतं. "कुणीतरी फोडलंय, मजाच गेली." ११ व्या पानाच्या पुढे ते गेलेच नाहीत, त्यामुळे आपल्याला खोटं सांगितलं गेलं हे त्यांना आजही माहीत नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथा लोकांनी वाचल्या त्या मात्र कोड्यासाठी कमी आणि झुंजार किंवा काळापहाड पुन्हा भेटावा म्हणून जास्त, असं मला जुन्या वाचकांच्या बोलण्यावरून वाटतं. तिथे पानावर कुणी काहीही लिहिलं तरी बिघडत नाही. आमच्या या लेखकाकडे असा नायक नाही. त्याचं सगळं घर एका प्रश्नावर उभं, आणि तोच प्रश्न कच्चा.

पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्युईच्या वर्गीकरणात मराठी कादंबरी म्हणजे ८९१.४६३, मग ती पुरस्काराची असो की भुताची. वाचक मात्र 'खुनाचं द्या', 'भुताचं द्या', 'रडायचं नगं' असं मागतात. त्या मागणीत मंडळातल्या 'दर्जेदार'पेक्षा जास्त अक्कल आहे.

यादीचा प्रश्न उरलाच. चांगली प्रत काढावी असं मी सुचवलं, तर यादीच्या 'कारण' रकान्यात काय लिहायचं? जीर्ण, गहाळ, वाळवी लागलेले, हे चालतं. 'वाचवत नाही' हे कारण चालत नाही. अध्यक्ष म्हणाले, मग फाटकी ठेवा, पण तेवढं खोडून टाका. ते शक्य नव्हतं. हा कागद लाकडाच्या लगद्याचा, स्वस्तातला. उजेडानं आणि स्वतःच्याच आम्लानं तपकिरी होतो, कडा बिस्किटासारख्या तुटतात. चांगल्या कागदावर मऊ खोडरबर मधून कडेकडे, एकाच दिशेनं, हलक्या हातानं फिरवला की पेन्सिल निघते. इथे रबराबरोबर कागदाची सालच निघते, आणि दाबून लिहिलेल्याचा वळ मागच्या बाजूला उमटलेला असतो तो वेगळाच. खरं सांगायचं तर मला खोडायचंही नव्हतं.

शेवटी फाटकी प्रत बांधणीला पाठवायची ठरली. गंजलेली तार काढायची, सुटी पानं पातळ कागदाच्या पट्टीनं जोडायची. चिकटपट्टी अजिबात नको, ती दोन उन्हाळ्यांत पिवळी पडते आणि तिचा डिंक शेजारच्या पानाला धरतो. मैद्याची खळ, तिच्यात किडीसाठी चिमूटभर मोरचूद, मग दोऱ्याची शिलाई आणि पुठ्ठा. हे सगळं बाइंडरला माझ्यापेक्षा चांगलं येतं. अडचण शेवटच्या पायरीची. बांधून झालं की तो तिन्ही बाजूंनी कटिंग मारतो, दोन-तीन मिलिमीटर जातातच, आणि पेन्सिलीचा मजकूर नेमका वरच्या कडेला. चिठ्ठीवर लिहून दिलं, वरून कटिंग नको. तो म्हणाला, वरून न कापता बांधलेलं पुस्तक बेढब दिसतं, लोक मला नावं ठेवतील. त्याला ११ वं पान दाखवलं. त्यानं वाचलं, पुस्तक उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं, "मंग मुनीमच हाय का?"

आता दोन्ही प्रती कपाटात आहेत. पहिल्यांदाच रहस्यकथा नेणाऱ्याला मी चांगली देतो, त्याला पेन्सिलीची गरज नसते. मुरलेल्याला बेढब. घोळ एवढाच आहे की वाहकसाहेबांसारखं कुणी चिडून पहिल्याच दिवशी परत आणू नये म्हणून दोन शब्द आधी सांगावे लागतात, आणि 'वर लिहिलंय त्याकडे लक्ष देऊ नका' म्हटलं की आप्पांच्या जातीचा माणूस लगेच मुनीमाच्या नावावर काट मारून मोकळा होतो.