पेडण्याच्या किनाऱ्यावर: गावाचा आराखडा गावानेच करायचा म्हणजे काय

आमचं गाव वेंगुर्ला तालुक्यात. गेल्या काही वर्षांत समुद्राकडच्या जमिनींचे व्यवहार इतके वाढले की ग्रामसभेत गावातली जमीन कशी वापरायची याच्या आराखड्याचा विषय निघाला की आवाज चढतात. म्हणून आम्ही चौघं गोव्यातला पेडणे तालुका बघायला गेलो. तेरेखोल नदीच्या पलीकडच्या लोकांनी हे सगळं आमच्या आधी भोगलंय, आणि त्यातून बरंच शिकलेतही.

जायला दोन वाटा आहेत. रेडीकडून तेरेखोलला जायचं आणि फेरीबोटीने केरीला उतरायचं, किंवा शिरोड्याहून आरोंदा-किरणपाणी पुलावरून पालये, हरमल करत मांद्र्याला यायचं. फेरीने जाणार असाल तर ओहोटीची वेळ विचारून निघा, कारण पाणी उतरलं की ती खोळंबते. पुलाची वाट लांबची वाटली तरी खात्रीची. लांबून येणाऱ्यांना कोकण रेल्वेचं पेडणे स्टेशन सोयीचं. मोपाचा विमानतळही याच तालुक्यात आहे. तो 2023 च्या जानेवारीत सुरू झाला आणि जमिनीचे भाव कुठे गेले ते कुणालाही विचारा.

आधी किनाऱ्यावर जाऊ नका, आगरवाडा गाठा. चापोरा नदीच्या काठाला तिथे मिठागरं आणि खाजन जमीन आहे. खाजन म्हणजे नदीच्या भरतीखाली जाणारी सखल जमीन, बांध घालून शेतीसाठी राखलेली. गोव्यात असं सुमारे 18,000 हेक्टर क्षेत्र असल्याचं सांगतात. बांधात एक मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं दार असतं. मानशीच्या लाकडी झडपा भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात. पावसाळ्यात आत खाऱ्या मातीत तग धरणारं कोरगुट भात, मानशीजवळच्या पोयीत, म्हणजे साठलेल्या पाण्याच्या डोहात मासे. मानशीवर मासे धरण्याच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव होतो. त्या पैशातला वाटा बांधाच्या डागडुजीला जातो, निदान जायला हवा.

बांधावर भेटलेल्या काकांनी आम्हाला खाली वाकून बघायला लावलं. चिखलात खेकड्यांनी पाडलेली बोटभर रुंदीची भोकं होती. "कुर्ली हय भोक पाडता, मगे थयसून पाणी शिरता," असं म्हणून त्यांनी मूठभर चिकण माती घेतली, भोकात कोंबली आणि टाचेने दाबली. हे काम वेळच्या वेळी झालं नाही तर भोकाची भेग होते, भेगेचं खिंडार होतं आणि एका मोठ्या भरतीत अख्ख्या वाड्याची शेती खारी होते. मग तिथे तिवरं उगवतात आणि जमीन पडीक दिसायला लागते. पडीक जमिनीला गिऱ्हाईक लवकर मिळतं. आम्हाला पुढे जे काही समजलं, त्याचं मूळ मला या भोकात दिसलं. बांधावर रोज कोण फिरतं हे ठरलेलं नसेल, तर नकाशावर तो पट्टा हिरवा रंगवून काही साधत नाही.

नकाशाची गोष्ट एका निवृत्त शिक्षकांनी सांगितली. गोव्यातली कोणती जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणारा ‘प्रादेशिक आराखडा 2011’ 2006 साली अधिसूचित झाला तेव्हा गोवाभर लोक रस्त्यावर आले, गोवा बचाव अभियान उभं राहिलं आणि 2007 च्या सुरुवातीला सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. नव्या आराखड्यासाठी नेमलेल्या कार्यदलात वास्तुविशारद चार्ल्स कोरिआ होते. त्या नव्या ‘प्रादेशिक आराखडा 2021’चे मसुदा-नकाशे गावोगावी सूचनांसाठी पाठवले गेले. गुरुजी आणि वाड्यावरची माणसं सर्व्हे नंबर हातात घेऊन पायी फिरली. झरी, देवराई, पावसाचं पाणी वाहून नेणारे व्हाळ, गुरांची वाट, होड्या ओढायची जागा असं सगळं त्यांनी नकाशावर नोंदवलं. शेतजमीन, डोंगरउतार, खाजन यांसाठी त्या आराखड्यात इको-1 आणि इको-2 असे पर्यावरणासाठी जपायचे विभाग आहेत. नोंदवलेलं सगळं अंतिम नकाशात आलं नाही, ही खंत त्यांच्या बोलण्यात होतीच. पण त्या फिरण्यामुळे गावाला आपली जमीन कळली, आणि पुढे हरकती नोंदवताना तेच कामाला आलं.

हरकती नोंदवायची वेळ येतच राहते. 2023 मध्ये नगरनियोजन कायद्यात 17(2) हे कलम घालून एकेका भूखंडाचा झोन, म्हणजे आराखड्यात ठरलेला वापर बदलायची वाट काढली गेली. त्याखालचे नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च 2025 मध्ये रद्द केले. आराखडा एकदा मंजूर झाला की काम संपलं, असं समजणाऱ्या आमच्याकडच्या पुढाऱ्यांनी हा इतिहास जरूर ऐकावा.

संध्याकाळी मोरजीला गेलो. टेंबवाड्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. 2011 च्या सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांची कासवांच्या प्रजननाच्या जागा म्हणून नावानिशी नोंद आहे. वनखात्यासोबत गावातली माणसंच घरट्यांची राखण करतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि पिल्लं साधारण दीड-दोन महिन्यांनी बाहेर येतात. पिल्लं पाहायची असतील तर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये या. वनखात्याच्या तंबूत विचारा, टॉर्च आणि फ्लॅश बंद ठेवा, कुंपणाला हात लावू नका. तिथून मांद्र्यापर्यंत चालत गेलात तर मर्यादवेलीने धरून ठेवलेले वाळूचे डोंगर अजून दिसतात, आणि जिथे ते सपाट केलेत ती जागाही दिसते. दोन्ही नीट बघा.

शिकायला जाणार असाल तर सोबत आपल्या गावाचा नकाशा न्या. बोलणं लगेच सुरू होतं. आपल्याकडचा सातबारा तसा तिथे एक-चौदाचा उतारा, एवढं माहीत असू द्या. पंचायतीत कामकाजाच्या दिवशी सकाळीच जा आणि जैवविविधता समितीची लोक-नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडं-प्राण्यांची नोंद बघायला मागा. 2002 च्या जैवविविधता कायद्याने ती ठेवायची असते. किती पानं खरोखर गावकऱ्यांनी सांगून भरली आहेत, ते वाचताना लगेच समजतं. बांधावर जायचं तर ओहोटीला आणि तिथल्या माणसासोबतच जा, कडेचा चिखल फसवा आहे. मीठ घ्यायचं असेल तर उन्हाळ्यात या आणि आगरवाड्याला रस्त्याकडेलाच घ्या, भावात घासाघीस नको. ग्रामसभा बहुधा रविवारी असते. बसायचं असेल तर सरपंचांची परवानगी आधी घ्या आणि मागे बसून नुसतं ऐका, बोलायचा हक्क तिथल्या मतदारांचा आहे.