तुम्ही विचारलंच नाही

८ नोव्हेंबर, रात्र

"मॅडम, तुम्ही विचारलंच नाही." आमचा फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, रागाने म्हणाला असता तर सोसलं असतं. अगदी साध्या आवाजात म्हणाला, म्हणून लागलं.

विचारलं होतं की. वैमानिकांच्या ड्यूट्या लावणं हे ऑप्सचं, म्हणजे माझं काम. काल रात्री साडेनऊला फोन केला होता. सकाळी सातला रिपोर्टिंग, आठची मुंबई, जमेल ना? "हो मॅडम." मागे ट्रकचा हॉर्न वाजत होता. तो मला ऐकू आला, पण तेव्हा काही कळलं नाही.

रोस्टरमध्ये त्याची ड्यूटी १८:५५ ला संपलेली. पुण्यात १८:४० ला विमान थांबून चाकांना चॉक्स (अडणी) लागले, वर पोस्ट-फ्लाइटची, म्हणजे उड्डाणानंतरच्या कामांची १५ मिनिटं. त्यात विश्रांतीचे १२ तास मिळवले की ०६:५५. सातसाठी पाच मिनिटं शिल्लक, रकाना हिरवा. पण विमान तिथे मेंटेनन्सला सोडून तो कंपनीच्या गाडीने कोल्हापूरला निघाला होता. कंपनीच्या कामासाठी केलेला असा प्रवास फ्लाइट टाइममध्ये येत नाही, ड्यूटीत येतो. विश्रांतीचं घड्याळ त्यानंतर सुरू होतं. हॉटेलवर पोचला ००:१० ला. काल सकाळी ११:०० चं रिपोर्टिंग धरलं तर ड्यूटी १३ तास १० मिनिटं झाली. विश्रांती आधीच्या ड्यूटीइतकी किंवा १२ तास, यातलं जे जास्त असेल ते. म्हणजे १३:२० च्या आधी त्याला बोलवायचंच नाही. मी सातला बोलावलं होतं.

कळलं कशावरून, तर गाडीच्या स्लिपवरून. गाडीचे ड्रायव्हर मामा नाइट अलाउन्सच्या सहीसाठी पहाटे स्लिप घेऊन आले, त्यावर ००:१०. ती स्लिप एरवी सरळ अकाउंट्सला जाते. म्हणजे माझ्या वैमानिकाची ड्यूटी कधी संपली ते अकाउंट्सला कळतं आणि मला नाही. मुंबईचा स्लॉट, म्हणजे ठरवून मिळालेली वेळ, गेला, फ्लाइट प्लॅन नव्याने भरला, एडीसी (हवाई संरक्षणाची मंजुरी) आणि एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) नंबर पुन्हा घेतले. विमान साडेतीनला सुटलं. शेठ काय बोलले ते इथे लिहीत नाही.

दुपारभर वाटत होतं, सगळ्यांचं सगळं मीच का लक्षात ठेवायचं? सेल्सला गिऱ्हाईक कळतं, मेंटेनन्सला विमान, वैमानिकांना आपापली फ्लाइट. मधला जोड कुणाच्याच कामात लिहिलेला नाही. चुकला की मात्र तो ऑप्सचा. पोरगंही बोलू शकलं असतं. रिपोर्टिंगच्या आधी किती झोप झाली, हे त्यानेही पाहायचं असतं. पण नोकरीला सहा महिने झालेला फर्स्ट ऑफिसर रोस्टरच्या फोनवर "नाही" म्हणेल, ही अपेक्षा मी कशाच्या जोरावर करत होते?

विचारलंच नाही. खरंच नाही विचारलं. "जमेल ना" याला प्रश्न म्हणायचं का? त्यात उत्तर आधीच भरलेलं होतं.

संध्याकाळी उद्याची फाइल उघडली आणि तेच पुन्हा दिसलं. मुंबईची मंडळी किरणोत्सवाला येतायत. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला मावळतीची किरणं अंबाबाईच्या गाभाऱ्यात येतात, पहिल्या दिवशी पायांवर. सूर्य मावळतो सहाच्या सुमारास. मग ती गर्दी, महाद्वारातून बाहेर पडणं, राजारामपुरी, शाहू नाका, उजळाईवाडी. सेल्सने परतीचं सात वाजता लावलंय. आता आपल्याकडे नाइट लँडिंग आहे, त्यामुळे त्यांचं काही चुकलं नाही. फक्त या विमानाचा लँडिंग लाइट परवापासून एमईएलवर आहे, म्हणजे बंद असूनही काही अटींवर उडता येणाऱ्या भागांच्या यादीत, आणि तो दुरुस्त होईपर्यंत उड्डाण दिवसाच करायचं, अशी अट आहे. मेंटेनन्सने टेक लॉगमध्ये, विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत, स्वच्छ लिहिलंय. तेही चुकले नाहीत. लपवलं कुणीच नाही आणि विचारलंही कुणी नाही. दिवा उद्या सकाळच्या गाडीने येतोय, बसवून विमान उडायला योग्य असल्याची रिलीज सही व्हायला दुपारचे दोन होतील. तोवर सातची वेळ पक्की सांगू नका, असं सेल्सला लेखी कळवलंय.

वेळाही आजपासून नुसत्या आकड्यात लिहायच्या नाहीत. फ्लाइट प्लॅन यूटीसीत, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत असतो. १३३० म्हणजे आपले संध्याकाळचे सात. केटरिंगच्या ग्रुपवर नुसतं १३३० गेलं की डबे दुपारी दीडला गेटवर येऊन बसतात.

मन जरा शांत झालंय. माणसं आहेत तशीच राहणार, सेल्स विकणार, मेंटेनन्स लिहिणार, पोरं "हो मॅडम" म्हणणार. मग प्रश्न तरी बदलू. रोस्टरमध्ये एक रकाना वाढवलाय, "खोलीवर कधी पोचलात". तो क्रूने स्वतः भरायचा. भरेपर्यंत पुढची ड्यूटी हिरवी होणार नाही. मामांच्या स्लिपचा फोटो आधी ऑप्सला, मग अकाउंट्सला. आणि फोनवर "जमेल ना" म्हणायचं नाही. आत्ता कुठे आहात, शेवटचे कधी झोपलात, एवढंच विचारून गप्प राहायचं.

उद्याच्या दोघांना फोन झाले. कॅप्टनसाहेब आठपासून खोलीवर आहेत. दुसरा अजून रस्त्यात, आत्ता कराड ओलांडलंय म्हणाला. पोचला की कळवणार आहे. फोन उशाशी ठेवलाय.